पत, भाव आणि हिशेब

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, दुसऱ्याचे मन आपल्या बाजूला आणण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे? आपण एखाद्याला पटवून देतो, त्याची समजूत घालतो, मन वळवतो, गळ घालतो, भरीस पाडतो, हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, गोष्ट गळी उतरवतो आणि अगदीच वेळ आली तर टोपी घालतो. या यादीचे पहिले टोक सभ्य आहे, शेवटचे सरळसरळ फसवणुकीचे. मध्ये कुठेतरी हद्द ओलांडली जाते. ती नेमकी कुठे, हे मात्र चटकन सांगता येत नाही.

आणि सांगता येण्याची गरज तर रोज पडते. सकाळच्या वर्तमानपत्रातून घरंगळणारी पत्रके, दुपारी येणारा कर्जाचा फोन, संध्याकाळी चौकातली सभा, रात्री मोबाइलवर आलेला 'सर्वांना पाठवा' असा निरोप. प्रत्येकाला आपल्याला काहीतरी पटवायचे असते. त्यातले काही आपल्या भल्याचे असते, काही नसते. ओळखायचे कसे? हा प्रश्न ग्रीक लोकांना सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी पडला आणि त्यांनी त्याचे एक शास्त्रच तयार केले. आज त्या शास्त्राची थोडी ओळख करून घेऊ.

जमिनीच्या भांडणातून जन्मलेले शास्त्र

या शास्त्राचा जन्म कुठे झाला असेल? परंपरा सांगते, जमिनीच्या दाव्यांत. सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूज या ग्रीक नगरात इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या मध्याला जुलमी राजवट उलथली. त्या राजवटीने अनेकांच्या जमिनी बळकावल्या होत्या. त्या परत मिळवायला लोक न्यायालयात धावले. कागदपत्रे धड नव्हती, वकील नव्हते, ज्याचे त्याने बोलायचे. तेव्हा कोरॅक्स आणि टिसियस या दोघांनी न्यायालयात कसे बोलावे, हे शिकवायला सुरुवात केली म्हणतात. सात-बाराच्या उताऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा जन्म अगदी ओळखीचा वाटावा.

पुढे हे शास्त्र अथेन्सला पोचले. तिथे न्यायनिवाडा चिठ्ठ्या टाकून निवडलेले शेकडो नागरिक करीत. युद्ध करायचे की तह, हेही नागरिकांच्या सभेत हात वर करून ठरे. अशा ठिकाणी भाषणाने माणसे मरत आणि वाचतही. याचे एक उदाहरण थ्युसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे.

इ. स. पूर्व ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले. पुढच्या वर्षी ते शरण आले. अथेन्सचे लोक संतापलेले होते. सभेने ठराव केला, की मिटिलिनीतले सगळे प्रौढ पुरुष ठार करावेत आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकावे. हुकूम घेऊन जहाज निघालेही. पण रात्र उलटली आणि लोकांच्या मनाने खाल्ले. एका अख्ख्या नगराला मारायचे? दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली.

क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला, दया करणे साम्राज्याला परवडत नाही, काल ठरले तेच करा. त्याला उत्तर द्यायला डायोडोटस उभा राहिला. गंमत अशी, की त्याने दयेची याचना केली नाही. तो म्हणाला, त्यांचा अपराध किती मोठा हा आजचा प्रश्नच नाही, आपल्या फायद्याचे काय ते पाहा. शरण येऊनही मरायचेच आहे असे कळले, तर उद्या बंड करणारे नगर शेवटच्या माणसापर्यंत लढेल. वेढ्याचा खर्च आपला, हाती येणार उद्ध्वस्त गाव, त्यातून खंडणी मिळणार नाही. मतदान झाले. डायोडोटस थोडक्यात जिंकला. दुसरे जहाज सोडले गेले. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच जेवण केले, आळीपाळीने झोप घेतली. आदल्या दिवशीचा हुकूम वाचला जात होता, तोवर हे जहाज बंदराला लागले. बंडाचे सूत्रधार म्हणून पकडलेले वाचले नाहीत, पण नगर वाचले.

वैद्य आणि मिठाईवाला

याच वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ४२७ मध्ये, गॉर्जियस नावाचा सिसिलीचा नामांकित वक्ता अथेन्सला वकिलातीवर आला. त्याच्या नावाने प्लेटोने पुढे एक संवाद लिहिला. त्यात गॉर्जियस अभिमानाने सांगतो, की माझा भाऊ वैद्य आहे. रोगी औषध घेत नाही, शस्त्रक्रियेला तयार होत नाही, तेव्हा भावाला जे जमत नाही ते मी नुसत्या बोलण्याने करतो. रोग्याला तयार करतो.

या संवादात सॉक्रेटिस त्याची दुसरी बाजू दाखवतो. लहान मुलांचे न्यायमंडळ बसले आहे, आरोपी आहे वैद्य आणि फिर्यादी आहे गोडधोड करणारा आचारी, अशी कल्पना करा. आचारी म्हणणार, मुलांनो, या माणसाने तुम्हाला कडू काढे पाजले, उपाशी ठेवले, कापले, डागले. मी मात्र तुम्हाला गोड गोड खाऊ घातले. वैद्याने किती जरी सांगितले की 'हे मी तुमच्याच प्रकृतीसाठी केले', तरी मुले काय ऐकणार? प्लेटोचा आक्षेप हा, की वक्तृत्व हे या आचाऱ्याचे कसब आहे. ते जिभेला खूश करते, प्रकृतीचे त्याला काही पडलेले नसते.

दोन्ही चित्रे खरी आहेत. गॉर्जियसचा भाऊ आणि मुलांपुढचा वैद्य, दोघांकडे औषध खरे होते. एकाच्या बाजूने बोलणारा होता, दुसऱ्याच्या विरुद्ध. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने यातून व्यवहारी वाट काढली. त्याचे म्हणणे असे, की खरेपणाला स्वतःचे तोंड नसते. हातापायांनी स्वतःचे रक्षण करता येत नाही याची लाज वाटते, मग बोलून करता येत नाही याची का वाटू नये? हे शस्त्र वाईट माणूस वापरतो म्हणून टाकून देण्यापेक्षा ते कसे चालते, हे आधी समजून घ्यावे. 'रेटोरिक' या ग्रंथात त्याने नेमके हेच केले. माणसाला पटते ते तीन वाटांनी, असे तो सांगतो. बोलणारा कोण आहे, यावरून. ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था काय झाली आहे, यावरून. आणि मुद्दा काय मांडला आहे, यावरून. ग्रीकमधली नावे एथॉस, पेथॉस आणि लोगॉस. आपल्या बाजारातले शब्द घेतले तर पत, भाव आणि हिशेब.

पत

पत हा शब्द मी मुद्दाम घेतला. पतपेढीतली पत. ती कमवावी लागते, ती बुडते आणि ती दुसऱ्याला उसनी देता येते. ॲरिस्टॉटलच्या मते तिघांतली बहुधा सर्वांत प्रभावी वाट हीच. पण तो एक अट घालतो. ही पत भाषणातूनच उभी राहिली पाहिजे, आधीच्या नावलौकिकातून नव्हे. मी आत्ता रेडिओवरून बोलते आहे. माझा चेहरा तुम्हाला दिसत नाही. तुम्ही विश्वास ठेवणार असाल तर माझ्या बोलण्यावरूनच.

पत कशाने बनते? ॲरिस्टॉटल तीन गोष्टी सांगतो. त्या विषयाची जाण, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दल सदिच्छा. गंमत म्हणजे आपल्या न्यायदर्शनातही जवळपास हेच सापडते. भरवशाच्या माणसाचा शब्द हे तिथे ज्ञानाचे एक प्रमाण मानले आहे. अशा माणसाला 'आप्त' म्हणतात. भाष्यकार वात्स्यायन सांगतो, की आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पुढे तो म्हणतो, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखेच लागू. म्हणजे कुळ, पद, प्रसिद्धी यांचा संबंध नाही. जाणले आहे का आणि खरे सांगायचे आहे का, एवढेच पाहायचे.

तीन पायांपैकी एक मोडला तरी पत कोसळते. एखादा डॉक्टर हुशार आहे, खोटे बोलत नाही, पण विशिष्ट लॅबकडेच पाठवतो आणि तिथून त्याला 'कट' मिळतो, असे कळले तर? जाण तीच, पण सदिच्छेचा पाय गेला. त्याने लिहून दिलेली तपासणी खरोखर गरजेची असली, तरी आपल्याला शंका येतेच.

आता जाहिरातीतला नट किंवा क्रिकेटपटू घ्या. त्याची पत खरी आहे, पण ती कमावली आहे पडद्यावर किंवा मैदानावर. सिमेंट, बनियन, विमा यांची जाण त्याला असेलच असे नाही. ही भाड्याने घेतलेली पत. घर भाड्याने घेण्यात जसे गैर नाही, तसे यातही आपोआप गैर नाही. फक्त घरमालक तिथे राहत नाही, हे लक्षात ठेवायचे.

भाव

दुसरी वाट भावनेची. भावना म्हणजे विचाराची शत्रू, असे आपण सर्रास मानतो. ॲरिस्टॉटल तसे मानत नाही. राग, भीती, दया, लाज, मत्सर यांचे त्याने एकेक करून विवेचन केले आहे आणि प्रत्येक वेळी तो विचारतो, ही भावना कोणत्या मनःस्थितीत येते, कोणाबद्दल येते आणि कशामुळे येते. भीती म्हणजे येऊ घातलेल्या संकटाची कल्पना. म्हणजे प्रत्येक भावनेच्या पोटात एक विधान दडलेले असते. ते बाहेर काढून तपासता येते. संकट खरेच आहे का? इतके जवळ आहे का? आणि ही बाटली, ही पॉलिसी, हा उमेदवार ते टाळू शकतो का?

घरातला कर्ता माणूस गेला तर मुलांचे काय होईल, ही भीती खोटी नाही. विम्याच्या जाहिरातीने ती जागवली म्हणून जाहिरात लबाड ठरत नाही. लबाडी सुरू होते ती भीती विम्याची दाखवून हातात गुंतवणुकीची भलतीच योजना ठेवली जाते तेव्हा. भावना खरी आणि उपाय भलताच, ही जोडी ओळखायला शिकले पाहिजे.

भावनेची आणखी एक खोड आहे. तिला एक चेहरा लागतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना आफ्रिकेतल्या एका भुकेल्या मुलीची गोष्ट सांगून मदत मागितली गेली, काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी देऊन. एका मुलीसाठी लोकांनी आकडेवारीच्या दुपटीहून अधिक पैसे दिले. आणि मुलीच्या गोष्टीला आकडेवारी जोडली, तेव्हा मदत वाढण्याऐवजी घटली. म्हणून निवडणुकीच्या सभेत आकडे कमी आणि 'एक म्हातारी माउली मला भेटली' हे अधिक ऐकू येते. ती माउली खरीही असेल. पण ती एकटी आहे की तिच्यासारख्या हजारो आहेत, हे तिच्या गोष्टीवरून कळत नाही.

हिशेब

तिसरी वाट मुद्द्याची. १९८० च्या दशकातल्या 'सर्फ'च्या जाहिरातीतल्या ललिताजी अनेकांना आठवत असतील. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली होती आणि ॲलिक पदमसी यांच्या नेतृत्वाखालच्या 'लिंटास' या मुंबईच्या जाहिरात संस्थेने ती घडवली होती. समोर स्वस्त 'निरमा' होता. ललिताजींनी स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक सांगितला. त्यांचा सौदा असा, की अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीइतके काम करते. म्हणजे महाग दिसते ते शेवटी महाग नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, सहज न फसणारी गृहिणी हे सांगत होती, म्हणजे पतही होती. पण मुख्य गोष्ट अशी, की हा हिशेब महिनाअखेर प्रत्येक घरात तपासून पाहता येत होता. खरा निघाला तर ठीक, नाही तर दुकान तिथेच होते.

सगळे हिशेब असे उघडे नसतात. पुष्कळदा हिशेबाचा नुसता आव पुरतो. एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला न्यूयॉर्कमधला प्रयोग प्रसिद्ध आहे. झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला 'पाच पाने आहेत, मला आधी काढू द्याल का?' असे विचारले, तर शंभरातले साठ जण हो म्हणाले. 'मला घाई आहे' हे कारण जोडले तर चौऱ्याण्णव. आणि 'कारण मला प्रती काढायच्या आहेत' असे कारण नसलेले कारण दिले, तरी त्र्याण्णव! पण पानांची संख्या वीस केली, तेव्हा पोकळ कारणाची जादू संपली. काम मोठे झाले तसे लोक कान देऊन ऐकू लागले. धडा सरळ आहे. लहान गोष्टींत आपण 'कारण' हा शब्द ऐकूनच समाधान मानतो. लहान हप्ता, लहान रक्कम, 'फक्त' इतकेच रुपये, असे म्हणून मोठी गोष्ट लहान करून दाखवली जाते ती याचसाठी.

ॲरिस्टॉटलने हिशेबाच्या बाबतीत आणखी एक बारीक निरीक्षण केले. चांगला वक्ता सगळे सांगत बसत नाही. तो एक पायरी गाळतो आणि ऐकणाऱ्याला ती स्वतः भरू देतो. आपण भरलेली पायरी आपलीच वाटते, म्हणून तिच्यावर आपण शंका घेत नाही. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम आपल्याकडे १९७५ मध्ये आले. त्याच्या जाहिरातींत एक मुलगी निराश असते, क्रीम लावते, उजळ होते आणि तिला नोकरी किंवा नवरा मिळतो. गाळलेली पायरी कोणती? 'सावळी मुलगी कमी प्रतीची असते.' हे वाक्य उच्चारले असते, तर घराघरांत संताप झाला असता. ते उच्चारले नाही. आपण ते मनात भरले, आपल्या मुलींनीही भरले आणि वर्षानुवर्षे क्रीम खपले. बऱ्याच टीकेनंतर २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केले.

तिन्ही वाटा, एकच माल

तिन्ही वाटा एकाच मालासाठी कशा वापरल्या जातात, याचे सर्वांत बोलके उदाहरण सिगारेटचे आहे. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या. तेव्हा बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणे असभ्य मानले जाई. या तरुणींनी सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले, वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. हे सारे जुळवून आणले होते एडवर्ड बर्नेज यांनी. ते सिग्मंड फ्रॉइडचे भाचे आणि एका तंबाखू कंपनीचे सल्लागार. मिरवणुकीत कंपनीचे नाव कुठेच नव्हते. ही भावाची वाट.

१९४६ मध्ये 'कॅमल' सिगारेटची जाहिरात सांगू लागली, की इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर कॅमल अधिक ओढतात. चित्रात पांढऱ्या कोटातला हसरा डॉक्टर. ही पतीची वाट. गाळलेली पायरी पाहा. 'डॉक्टर ओढतात, म्हणजे ती अपायकारक नसणार.' जाहिरातीने तसे म्हटले नाही, वाचकाने म्हटले.

१९५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. आता भाव आणि पत पुरेनात. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत तंबाखू कंपन्यांचे निवेदन छापून आले. सूर शांत, भाषा शास्त्रीय. कर्करोगाची कारणे अनेक आहेत, सिगारेट हे त्यांतले एक असल्याचा पुरावा नाही, आम्ही संशोधनाला पैसे देऊ. ही हिशेबाची वाट, किंवा हिशेबाचे सोंग. २००६ मध्ये अमेरिकेच्या एका संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निकाल दिला. मधल्या काळात किती घरांतली माणसे गेली, त्याचा हिशेब कोण देणार?

हे दूरचे वाटत असेल तर आपल्याकडे पाहा. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली, महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. मग त्याच नावाची, त्याच रंगांची, वेलचीची किंवा पानमसाल्याची जाहिरात मोठमोठ्या नटांना घेऊन झळकू लागली. माणूस वेलची खाताना दिसतो, मनात उमटते ते दुसरेच नाव. पायरी पुन्हा आपणच भरतो. अशा आडवळणाच्या जाहिरातींना केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाबाहेर बसलेल्या माणसांकडे पाहिले, की ही मनाई का हवी ते वेगळे सांगावे लागत नाही.

मग नामवंतांचे ऐकूच नये?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पोलिओची मोहीम आठवा. डोस फुकट होता, घरापर्यंत येत होता, तरी अनेक पालक मुलांना पाजत नव्हते. विशेषतः उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये अफवा आणि शंका होत्या. गॉर्जियसच्या भावाचीच अडचण ही. औषध खरे, पण रोगी तयार नाही. तेव्हा अमिताभ बच्चन यांनी जाहिरातींतून पालकांना आर्जव केले आणि रागेही भरले. पत त्यांच्याही बाबतीत पडद्यावरची होती, भावना लाजेची होती. पण दाव्यामागे डॉक्टरांचे ज्ञान होते आणि डोस पाजून कोणाचा माल खपणार नव्हता. अर्थात मोहीम केवळ जाहिरातीने यशस्वी झाली नाही, लाखो स्वयंसेवक दारोदार फिरले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आणि पत स्वतःच उभी राहते ती कशी, याचे उदाहरण हवे तर १८ मार्च १९२२ चा अहमदाबादचा खटला पाहावा. 'यंग इंडिया'तल्या लेखांबद्दल गांधीजींवर राजद्रोहाचा आरोप होता. त्यांनी बचाव केला नाही. गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांना सांगितले, की हा कायदा तुम्हाला योग्य वाटत असेल तर मला कमाल शिक्षा द्या, वाटत नसेल तर पद सोडा. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी लोकमान्य टिळकांच्या खटल्याचा दाखला देत सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि सरकारने पुढे ती कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणाला होणार नाही, असेही म्हटले. शिक्षा देणाऱ्यालाही ज्याचा शब्द खरा वाटतो, त्याच्या पतीला आणखी कोणता दाखला हवा? या भाषणात मुद्दे होते, भावनाही होती. पण वजन आले ते एका गोष्टीने. बोलणारा आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजत होता.

हीच कसोटी मला सर्वांत कामाची वाटते. हा शब्द खोटा ठरला तर नुकसान कोणाचे? सांगणाऱ्याचे की फक्त ऐकणाऱ्याचे? भाड्याच्या पतीचा दोष इथे आहे. जाहिरात खोटी निघाली तरी नटाचे मानधन त्याच्याकडेच राही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने यात थोडा बदल केला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केले तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय जाहिराती करण्यावर बंदी. दाव्याची नीट खातरजमा करून घेतली असेल तर सुटका आहे. म्हणजे कायदाही आता सांगतो, की पत भाड्याने देण्याआधी जरा चौकशी करा.

दुसरा दिवस

कायदा नेहमी मागाहून पोचतो. तोवर आपल्या हाती तीन प्रश्न आहेत. घरात मोठा खर्च, मोठे कर्ज, मोठे ऑपरेशन किंवा मोठे मतदान समोर असेल तेव्हा ते चारचौघांत मोठ्याने विचारावेत. पहिला, हे सांगणाऱ्याला या विषयातले काय कळते आणि चुकले तर त्याचे काय जाते? दुसरा, मला आत्ता जी भीती, माया किंवा चीड वाटते आहे, तिचा या निर्णयाशी खरोखर संबंध आहे का? तिसरा, यात न बोललेले वाक्य कोणते? ते वाक्य उच्चारून पाहावे. 'पैसे दुप्पट होतात' या योजनेतले न बोललेले वाक्य असते, 'आणि हे बँकांना ठाऊक नाही.' उच्चारले की हसू येते. हसू आले की निम्मे काम झाले.

हे प्रश्न विचारायला मात्र वेळ लागतो आणि विकणाऱ्याला तोच द्यायचा नसतो. 'ऑफर फक्त आज रात्री बारापर्यंत', 'शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत', 'आत्ताच्या आत्ता सही करा', 'वाचताच पुढे पाठवा'. या वाक्यांत पत नाही, भाव नाही, हिशेबही नाही. आपला दुसरा दिवस काढून घेणे, एवढाच त्यांचा उद्देश. मिटिलिनीच्या लोकांना डायोडोटसने वाचवले हे खरे, पण त्याआधी अथेन्सच्या लोकांना एक रात्र मिळाली होती. ती मिळाली नसती तर त्याचे बोलणे ऐकायला सभाच भरली नसती. म्हणून जो कोणी उत्तर आत्ताच मागतो, त्याला शांतपणे सांगावे, उद्या या. त्याच्याकडे सांगण्यासारखे खरे काही असेल, तर तो उद्याही येईल.